पहिली कळशी थोरल्या घराची

आमच्या घरात दोन भाषा होत्या आणि त्यांची हद्द डॅडींच्या बुटांवर ठरायची. संध्याकाळी फाटकापाशी बूट वाजले की आईची मम्मी व्हायची, ताटली प्लेट व्हायची, आणि मी नि माझी मोठी बहीण फिली ‘गुड इव्हिनिंग डॅडी’ म्हणून एका सुरात ओरडायचो. बूट सकाळी पुन्हा फाटकाबाहेर गेले की घर सैल सुटायचं. मग ‘काय गो’ आणि ‘नाय गो’ सुरू. आत्याला, म्हणजे डॅडींच्या थोरल्या विधवा बहिणीला, इंग्रजीतले ‘यस’ आणि ‘नो’ एवढे दोनच शब्द यायचे, आणि डॅडींना चिडवायला ती ते मुद्दाम उलटे वापरायची. “मारियान, चहा झाला?” “नो,” असं म्हणत ती कप त्यांच्या हातात द्यायची.

आम्ही अंधेरीच्या पूर्वेकडच्या एका गावठाणातले ख्रिस्ती. कौलारू घरं, मधोमध पांढरा क्रूस, क्रूसामागे विहीर, आणि विहिरीच्या पलीकडे ओढ्यापर्यंत भाताची खाचरं. आमच्या जमातीला ईस्ट इंडियन म्हणतात. राहतो पश्चिम किनाऱ्यावर आणि नाव पूर्वेचं, याचं कारण असं सांगतात की कंपनी सरकारच्या काळात नोकरीत आपला नंबर आधी लागावा म्हणून आमच्या वाडवडिलांनी कंपनीचंच नाव लावून घेतलं. मला या हुशारीचं आजही हसू येतं. डॅडींना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. ते फोर्टातल्या एका इंग्रजी कंपनीत हेडक्लार्क होते आणि “आपण कंपनीच्या वेळेपासूनचे” हे वाक्य जेवणाआधीच्या प्रार्थनेइतक्याच नियमाने म्हणायचे. पोर्तुगीज आडनावाचाही त्यांना भारी अभिमान. रविवारी इंदियालाचा, म्हणजे आमच्या आंबटतिखट डुकराच्या मटणाचा, दुसरं वाढप झालं की ते खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, “आपल्या रक्तात थोडं लिस्बन आहे. माझं नाक बघा.” नाक आत्याचंही तेच होतं. पण तिच्या नाकाला लिस्बन कोणी म्हणत नसे, कारण त्याच्याखाली नऊवारी लुगडं होतं.

डॅडींच्या कपाटात एक सूट होता. त्यांचा साहेब कायमचा विलायतेला परत गेला तेव्हा जाता जाता त्यांना देऊन गेलेला, राखाडी लोकरीचा. साहेब सहा फूट आणि डॅडी पाच फूट चार इंच. गावठाणातल्या शिंप्याने तो महिनाभर खपून लहान केला. नाताळ आणि ईस्टर सोडून तो सूट डांबराच्या गोळ्यांच्या वासात लटकलेला असे. आम्हा मुलींना कपाटाच्या त्या बाजूला हात लावायला बंदी होती.

फिलीचं लग्न ठरलं ते वांद्र्याला. वांद्र्याचे लोक आमच्याच जमातीचे, पण त्यांच्या दिवाणखान्यात पियानो होता. तो वाजवता येणारं घरात कोणी नव्हतं ही गोष्ट निराळी. डॅडी पियानो पाहून आले आणि तेव्हापासून त्यांनी आमच्या घराकडे वांद्र्याच्या डोळ्यांनी बघायला सुरुवात केली. उन्हाळ्यात मसाला कुटायला बायका आल्या होत्या. अंगणात मिरच्या, धणे, खसखस, दगडफूल अशी सगळी रांगोळी पसरलेली, मुसळांचा ठेका आणि सगळ्या आळीला शिंका. तो मसाला आमच्याकडे बिअरच्या काळ्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याचं नावच बाटली मसाला. डॅडींनी त्या वर्षी सगळ्या बाटल्यांची लेबलं खरवडून काढायला लावली, वांद्र्याचे लोक बघतील म्हणून. आत्या म्हणाली, “त्यांच्या घरी काय मसाला साबणाच्या डब्यात भरतात?”

खरी वादावादी झाली ती पाण्यावरून. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जातात, कळशीभर पाणी काढतात आणि त्याने नवरीला न्हाऊ घालतात. हे सगळ्या गावठाणांत चालतं. पण आमच्या एका घराची यात आणखी एक रीत होती. आत्या सांगायची ती अशी. खूप पिढ्यांमागे केणी आडनावाचे दोन सख्खे भाऊ इथे शेती करत होते. पोर्तुगीज पाद्री आला, धाकट्याच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि त्याला स्वतःचं आडनाव देऊन गेला. थोरला हिंदूच राहिला. दोघांनी जमीन वाटली, भांडी वाटली, देव वाटले. विहीर काही वाटता येईना. तेव्हा ठरलं की धाकट्या घरी लग्न असेल तर पहिली कळशी थोरल्या घराने काढायची, आणि थोरल्या घरी लग्न असेल तर हळदीचं पाणी धाकट्याने न्यायचं. ओढ्यापलीकडचं केण्यांचं घर म्हणजे आमचं थोरलं घर. हे खरं किती आणि आत्याने घातलेला मीठमसाला किती, देव जाणे. पण कळशी मात्र कधी चुकली नव्हती.

त्यांना बोलावायचीही पद्धत होती. नवरीच्या धाकट्या बहिणीने नारळ घेऊन जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि मोठ्याने म्हणायचं, “थोरल्या घरा, धाकट्या घरचं पाणी तुमच्याबिगर निघत नाय.” हे ऐकल्याशिवाय ते येत नसत.

डॅडी आधी नाही म्हणाले. मग आत्या दोन दिवस जेवली नाही, निदान आमच्यासमोर तरी. तिसऱ्या दिवशी डॅडींनी स्वतः माझ्या हातात नारळ ठेवला आणि चक्क मराठीत म्हणाले, “जा. नीट सांगून ये.” हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे जे झालं त्याचं खापर सगळ्यांनी आधी डॅडींवर फोडलं. ते माझं होतं.

झालं होतं असं की मी विलेपार्ल्याच्या एका मराठी शाळेत नववीत होते. फिली कॉन्व्हेंटमध्ये शिकली. माझ्या वेळी तिथे जागा मिळाली नाही, आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणता म्हणता मी मराठीत मुरले. वर्गात मी एकटीच ख्रिस्ती. बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास खिडकीतून यायचा आणि मधल्या सुट्टीत मुली मला घेरून बसायच्या. “रेजी, तुम्ही मूळचे कुठले गं?” सगळ्यांना मूळ गाव होतं, कुणाचं रत्नागिरी, कुणाचं वाई. आमचं मूळ गाव म्हणजे अंधेरी. ते सांगायला मला कसंसंच झालं. मी म्हणाले, “लिस्बन.”

बोलून गेले आणि मग मागे येता येईना. पणजोबा जहाजातून आले. सोबत पेटारा होता. पेटाऱ्यात काय होतं ते रोज मधल्या सुट्टीत वाढत गेलं. “मग तुम्ही घरी पोर्तुगीज बोलता?” “कधी कधी.” “बोलून दाखव ना!” तेव्हा आमच्या चर्चमध्ये सगळी प्रार्थना लॅटिनमध्ये असे, आणि ती मला पोपटासारखी पाठ होती. मी एका दमात म्हणाले, “दोमिनुस वोबिस्कुम, एत कुम स्पिरितु तुओ.” “म्हणजे काय?” “म्हणजे, आज जेवायला पापलेट आहे.” मुली खूश. देवाने मला त्याबद्दल माफ केलं असावं, कारण त्या दिवशी जेवायला खरोखर पापलेट निघालं.

या सगळ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी गप्प बसून पेन्सिलीला टोक काढत असे. सुलभा केणी. थोरल्या घरची नात.

आता मी नारळ घेऊन तिच्या उंबऱ्यावर उभी राहणार आणि ओरडणार, थोरल्या घरा! म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला कळणार की रेजीचे लिस्बनचे पणजोबा ओढ्याकाठी भात लावत होते. मी ओढ्यापर्यंत गेले. बांधावर थोडा वेळ बसले. मग परत वळले, मागच्या दाराने घरात शिरून नारळ लग्नाच्या नारळांच्या ढिगात टाकला, डॅडींच्या मेजावरची एक छापील इंग्रजी पत्रिका उचलली, पाकिटावर केण्यांचा पत्ता घातला आणि टपालपेटीत टाकून दिली. सोनेरी कडेची पत्रिका होती. नारळापेक्षा मान मोठाच, असं मी स्वतःला समजावलं. चौदाव्या वर्षी माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावू शकतो. मी तर पंच्याहत्तरीतही समजावते.

घरी सांगितलं, “सांगून आले.” पुढचा आठवडाभर सुलभा शाळेत काही बोलली नाही. मीही तिच्याकडे पाहिलं नाही.

पाण्याचा दिवस उजाडला. अंगणात मांडव, चुलीवर मोठं पातेलं, आणि आई ताडी घालून आंबवलेल्या पिठाचे फुगे तळत होती. फुगे म्हणजे आमचे गोलमटोल गोडसर पाव, तेलात टाकले की आपोआप पालथे होतात. साडेचारला बँड आला. एक क्लॅरिनेट, एक ढोल आणि दोन घुमटं, म्हणजे तोंडाला चामडं ताणलेली मातीची मडकी. आत्या जांभळं लुगडं नेसून, केसांत फुलं माळून, तांब्याची कळशी घेऊन पुढे. मागे बायका गात. फिली जुन्या फ्रॉकमध्ये, लाजून लाल. आणि सगळ्यांच्या शेवटी डॅडी, राखाडी सूट घालून. उद्यासाठी अंगवळणी पडावा म्हणून घातला, असं ते म्हणाले. मला वाटतं, लुगड्यांच्या आणि घुमटांच्या त्या घोळक्यात आपण वेगळं दिसावं एवढाच त्यांचा हेतू असावा.

विहिरीवर पोचलो. पाट मांडला, फिली बसली. आत्याने ओढ्याकडे पाहिलं. बांधावर कोणी नव्हतं.

“येतील,” आत्या म्हणाली. बँडने एक गाणं संपवलं, दुसरं घेतलं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. येणारी सगळी गाणी दोनदा वाजवून झाली. क्लॅरिनेटवाल्याने ओठ पुसले आणि बायकांनी टोपलीतून आणलेले फुगे मागितले. मीही एक उचलला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. तासाभराने डॅडींनी घड्याळ पाहिलं.

“बोलावलं होतं. आले नाहीत. संपलं. मारियान, पाणी काढ.”

“पयली कळशी थोरल्या घराची,” आत्या म्हणाली. “त्यांचा हात लागल्याबिगर मी दोरी सोडत नाय. जुजे, तू काय बोललास त्यांना? का तुझ्या साहेबी तोऱ्यात बोलावलंच नाय?”

“मी पोरीला नारळ देऊन पाठवलं!” डॅडी भडकले. “वाट बघत बसायला मी काय त्यांचं कूळ आहे? त्यांना आपण नको असू, तर आजपासून ते कोण नि आपण कोण!” आणि त्यांनी आत्याच्या हातातून कळशी ओढून घेतली.

“काढ,” आत्या म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “काढ तू. पन त्या पाण्याने मी माझ्या पोरीला न्हाऊ घालनार नाय. नि उद्या चर्चला पन येनार नाय.”

फिली रडायला लागली. बायका गाणं थांबवून एकमेकींकडे बघायला लागल्या. डॅडींनी कळशीच्या गळ्यात दोरी बांधली. एवढ्या पिढ्या जे टिकलं ते माझ्या एका सोनेरी पाकिटाने तुटत होतं, आणि हे फक्त मला माहीत होतं. खूप भीती वाटली. लाजेची भीती आठवडाभर वाटत होतीच, पण ही तिच्यापेक्षा मोठी निघाली.

“डॅडी, थांबा!” मी ओरडले. त्यांच्यासमोर मराठीत ओरडायची ही माझी पहिलीच वेळ. “कळशी टाकू नका. मी आणते त्यांना.” आणि धावत सुटले.

ते बांध, तो ओढा आता नाही. तिथे मेट्रोचा खांब आहे आणि खांबाखाली भाजीवाला बसतो. त्याच्याकडून कोथिंबीर घेताना मी कधी कधी उगाच पायाखाली चिखल शोधते.

केण्यांच्या ओट्यावर जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. सगळं घर तयार होऊन बसलं होतं. सुलभाची आई ठेवणीतलं लुगडं नेसून, सुलभा परकर-पोलक्यात, दोन वेण्यांना रिबिनी. सुलभाचे आजोबा, तात्या केणी, स्वच्छ धोतर, काळा कोट, टोपी. ओट्याच्या कडेला चिंचेने घासून लखलखीत केलेली कळशी. आमचा बँड त्यांना तासभर ऐकू येत होता आणि तात्यांचा हात घुमटाच्या ठेक्यावर मांडीवर पडत होता. सगळे ऐकत बसले होते. बोलावल्याशिवाय जाता येत नव्हतं, आणि न जाणंही त्यांच्याने होत नव्हतं.

सुलभा उठून पायरीपाशी आली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पायांना गुडघाभर चिखल, फ्रॉकला चिखल.

“लिस्बनहून यायला एवढा वेळ लागतो होय गं?” ती म्हणाली.

मला रडूच फुटलं. “तू सांगितलं का नाहीस वर्गात?”

“म्हटलं बघू, किती लांब जातेस ते.”

“सुलू, गप,” तात्या म्हणाले. त्यांनी कोटाच्या खिशातून माझी सोनेरी पत्रिका काढली. घडी पडून पडून कोपरे मऊ झाले होते. “हे आलं पोष्टाने. सुलूने वाचून दाखवलं. चर्च हाय, पार्टी हाय. पाणी कुठं नाय. भावाच्या घरचं बोलावणं कधीपासून पोष्टमन आणाया लागला?”

मी उंबऱ्याबाहेर सरळ उभी राहिले. आवाज फाटला, पण म्हणाले, “थोरल्या घरा, धाकट्या घरचं पाणी तुमच्याबिगर निघत नाय.”

“नारळ?”

नारळ ढिगात होता. माझ्या मुठीत अर्धा खाल्लेला फुगा होता, तो मी कधीपासून गच्च धरून धावत होते. तात्यांनी तोच माझ्या हातातून घेतला, उलटसुलट पाहिला आणि तोंडात टाकला.

“चालंल,” ते म्हणाले. “चला रे, उचला कळशी.”

बांधावर आमची वरात दिसली आणि बँडने न सांगता सुरुवात केली. विहिरीपाशी डॅडी दोरी हातात धरून तसेच उभे होते. मी त्यांच्यासमोर गेले आणि सगळं सांगितलं, की मी गेलेच नव्हते, पत्रिका टाकली, कारण शाळेत मी सांगितलं होतं की आपण लिस्बनचे. ढोल नेमका तेव्हा थांबला आणि शेवटचं वाक्य साऱ्या गावठाणाला ऐकू गेलं.

“कंचं लिस्बन?” आत्याने विचारलं. “वसईच्या फुडं का?”

हसण्याचा असा लोट उठला की घुमटवाला खाली बसला. डॅडी हसले नाहीत. लिस्बन माझ्या डोक्यात कुठून आलं हे त्यांनी मला विचारलं नाही. त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी हातातली दोरी तात्यांना दिली आणि म्हणाले, “उशीर झाला. चूक आमची.”

तात्यांनी कळशी सोडली, भरून वर घेतली. फिलीच्या डोक्यावर पहिली धार पडली तशा बायका गायला लागल्या आणि आत्या एकाच वेळी गात आणि रडत होती. कळशीत थोडं उरलं की ते घरच्यांच्या माथ्यावर शिंपडायचं असतं. आईवर झालं, माझ्यावर तर तात्यांनी दोनदा टाकलं. मग त्यांनी इकडेतिकडे पाहून विचारलं, “आनखी कोन ऱ्हायलंय?”

डॅडी पुढे आले आणि त्यांच्यासमोर मान खाली घालून उभे राहिले.

“अरे जुजे, सूट!” आत्या किंचाळली.

“वाळेल,” डॅडी म्हणाले.

तात्यांनी शिंपडलं नाही. विहिरीतून पुन्हा एक कळशी काढली आणि भरलेली ओतली, कॉलरपासून बुटांपर्यंत.

सूट वाळला खरा. उद्या घालायचा म्हणून आत्याने तो चुलीच्या वर दोरीवर टांगला आणि खाली शिजणाऱ्या इंदियालाला लाकडं सारली. सकाळी काढला तर लोकर आटून बाह्या कोपराकडे चार बोटं वर सरकलेल्या, विजार घोट्याच्या वर, आणि सगळ्याला इंदियालाचा वास. दुसरं घालायला काही नव्हतं. तेच घालून डॅडी ताठ मानेने फिलीला चर्चमध्ये घेऊन गेले. केण्यांचं घर तिसऱ्या बाकावर बसलं होतं. सुलभा माझ्या शेजारी. ती पुढची साठ वर्षं शेजारीच राहिली आहे. हल्ली बोरिवलीहून रोज फोन करते आणि पहिला प्रश्न ठरलेला, “काय गं, लिस्बनला हवा कशी आहे?” मी आयुष्यभर मुलुंडच्या शाळेत मराठी शिकवलं, पण या प्रश्नाला उत्तर काही सापडलं नाही.

लग्नाचा फोटो माझ्या दिवाणखान्यात आहे. नवरा-नवरी, वांद्र्याचे सासरे, आणि टोकाला डॅडी, आखूड बाह्यांतून बाहेर आलेली मनगटं लपवायचा प्रयत्नही न करता. फोटो काढायच्या आधी सासऱ्यांनी त्या बाह्यांकडे पाहून हसत इंग्रजीत विचारलं होतं, ही काही नवी फॅशन आहे का? मी बाजूलाच उभी होते. आता डॅडी आपलं ठेवणीतलं इंग्रजी काढणार, असं मला वाटलं.

“नाय हो,” डॅडी म्हणाले. “काल भावाने भिजवला.”